केशोरीची मिरची आणि गालाच्या आतली ऊती
(प्रस्तावना)

अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं केशोरी हे गाव मिरचीसाठी ओळखलं जातं. सारा गोंदिया जिल्हा धानाचा. त्यात या भागानं मिरचीत नाव कमावलं. इथलं मूल घरच्या जेवणाला लागलं की लवकरच घरच्या तिखटालाही सरावतं. अशा घरातला विशीतला मुलगा एक दिवस ताट बाजूला सारतो आणि म्हणतो, "माय, भाजी तिखट झाली." मायनं मिरची कालच्याइतकीच घातलेली असते. घरात बाकी कुणालाच काही वेगळं लागत नाही. पोट बिघडलं असेल, उष्णता झाली असेल, असं म्हणत चार दिवस वरण-भातावर काढले जातात. झोंबणं थांबत नाही. पुढच्या काही महिन्यांत जांभई देताना गालात ताण जाणवू लागतो. शिट्टी वाजेनाशी होते, फुगा फुगेनासा होतो. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला गेलं तर दोनच जातात.

या सगळ्या काळात त्याच्या खिशात खर्र्याची पन्नी असते.

मिरची बदललेली नसते. बदललेलं असतं गालाचं आतलं अस्तर, आणि त्या बदलाचा तपशील सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. रोग आणि विष शरीराच्या ऊतींमध्ये काय घडवतात, हा या पुस्तकाचा विषय आहे. यकृत, फुप्फुस, मूत्रपिंड, प्लीहा, त्वचा यांची प्रकरणं पुढे येतात. प्रस्तावनेत मात्र मी बराच वेळ गालापाशी थांबणार आहे. ऊतींच्या विकृती शिकवताना उदाहरणं बहुतेक वेळा लांबची दिली जातात: ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यातला कामगार, कोळशाच्या खाणीतलं फुप्फुस. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर इथल्या वाचकाला इतक्या लांब जायची गरज नाही. जुनाट विषारी संपर्क ऊतीला पायरीपायरीनं कसा बदलतो, याचं जगातल्या सर्वांत स्पष्ट उदाहरणांपैकी एक त्याच्या गावातल्या पानठेल्यावरून सुरू होतं.

आधी स्लाइड कशी तयार होते ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गालाच्या आतून चार-पाच मिलिमीटरचा तुकडा काढतात, हीच बायोप्सी. तो लगेच फॉर्मॅलिनमध्ये जातो. फॉर्मॅलिन पेशींतली प्रथिनं जागच्या जागी बांधून टाकतं, त्यामुळे कुजण्याची क्रिया थांबते आणि पेशी ज्या स्थितीत होत्या त्याच स्थितीत राहतात. नंतर तुकड्यातलं पाणी अल्कोहोलनं काढून त्या जागी वितळलेलं पॅराफिन मेण भरतात. मेण घट्ट झालं की मायक्रोटोम नावाच्या यंत्राच्या पात्यानं चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतात. पाच मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. इतक्या पातळ कापातून प्रकाश आरपार जातो, पण त्याला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. म्हणून दोन रंग देतात. हिमॅटॉक्सिलिन हे मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडापासून मिळतं. ते पेशींची केंद्रकं निळी-जांभळी करतं. इओसिन बाकीचा भाग गुलाबी करतं. शंभराहून अधिक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा याच दोन रंगांवर रोगाचं निदान करत आल्या आहेत. नव्या आणि महाग तपासण्या आल्या, पण सुरुवात आजही इथूनच होते.

निरोगी गालाची स्लाइड पाहिली तर वरचा थर अभिस्तर ऊतीचा दिसतो. एकावर एक रचलेल्या पेशींचा हा थर साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. सर्वांत खालच्या ओळीतल्या पेशी विभागतात, नव्या पेशी वर सरकतात, सरकताना चपट्या होतात आणि शेवटी लाळेत गळून पडतात. थराची खालची कड सरळ नसते; ती खालच्या ऊतीत उंचसखल घुसलेली असते, आणि या गुंतलेल्या कडेमुळेच चावताना, बोलताना अस्तर निसटत नाही. अभिस्तराच्या खाली एक अतिशय पातळ तळपटल असतं आणि त्याखाली संयोजी ऊती: कोलॅजेनचे सैल, नागमोडी तंतू, ते तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी, भरपूर रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची टोकं. त्याहून खोलवर गालाचा स्नायू. या सैलपणामुळेच गाल ताणतो, फुगतो, तोंड उघडतं.

आता खर्रा. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेलं हे मिश्रण पन्नीत बांधून मिळतं. चिमूट-चिमूट करून ते गालात धरलं जातं, बहुतेक वेळा एकाच बाजूला, दिवसाचे कित्येक तास. नांगरणीत, रोवणीत, ट्रॅक्टरवर, झाडीपट्टीच्या नाटकाच्या रात्रभरच्या जागरणात. विषशास्त्रात मात्रा आणि वेळ या दोन गोष्टींना सर्वांत जास्त महत्त्व आहे. खर्र्यात दोन्ही मोठ्या असतात, आणि लागणारी जागा रोज तीच.

सुरुवातीच्या स्लाइडमध्ये ऊतीत पाणी धरलेलं दिसतं. रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, पांढऱ्या पेशी गोळा झालेल्या असतात, फायब्रोब्लास्ट तरुण आणि टपोरे दिसतात. याला दाह म्हणतात. शरीर जखम भरून काढायच्या तयारीत असतं. जखम एकदा होऊन थांबली असती तर ती भरूनही आली असती. पण दुसऱ्या दिवशी पन्नी पुन्हा उघडते. मग अभिस्तराच्या लगत खाली एक एकसंध गुलाबी पट्टा दिसू लागतो, ज्यात कोलॅजेनचे तंतू वेगवेगळे ओळखता येत नाहीत. वर्षांगणिक हा पट्टा जाड होत खोल उतरतो. फायब्रोब्लास्ट कमी आणि म्हातारे होतात. रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शेवटी काही पार बुजतात. खालच्या स्नायूच्या तंतूंमध्येही कोलॅजेन शिरतं आणि स्नायू वाळतो. वरचा अभिस्तर, ज्याला या रक्तवाहिन्यांतून अन्न मिळायचं, पातळ होतो. त्याची उंचसखल खालची कड सपाट होते. कोलॅजेन निळं दाखवणाऱ्या मॅसनच्या रंगानं हीच स्लाइड रंगवली तर निरोगी गालात निळ्या रेघांची विरळ जाळी दिसते. या गालात निळ्याशिवाय दुसरं फारसं काही उरत नाही.

मिरची का झोंबते ते इथे उलगडतं. मज्जातंतूंची टोकं आणि ताटातली मिरची यांच्यामध्ये जो थर उभा होता, तो झिजलेला असतो. मुलगा खरंच सांगत असतो. त्याला भाजी खरोखर तिखट लागते.

या आजाराला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. दवाखान्यात त्याचं आखूड रूप ओएसएमएफ चालतं. सुपारी हे घडवते कशी, हे आता बऱ्यापैकी माहीत आहे. सुपारीतलं अरेकोलिन आणि चुन्याच्या अल्कतेमुळे त्यातून तयार होणारी संयुगं फायब्रोब्लास्टना कोलॅजेन बनवायला उद्युक्त करतात. सुपारीत तांब्याचं प्रमाण मोठं असतं, आणि कोलॅजेनच्या तंतूंना एकमेकांशी जोडणारं लायसिल ऑक्सिडेज हे विकर चालतंच तांब्यावर. सुपारीतलं टॅनिन या जोडलेल्या तंतूंना आणखी पक्कं करतं, इतकं की शरीराची जुनं कोलॅजेन विरघळवणारी विकरं त्यांना सहज तोडू शकत नाहीत. धान कापल्यावर पेंढ्या आवळून बांधतात आणि दोर ओला करून पुन्हा ओढतात, तसं हे आवळणं आहे: बांधणी वाढते आणि सोडवणं अवघड होतं. तंबाखूचं काम वेगळं. तिच्यातली नायट्रोसामाइन्स पेशींच्या डीएनएवर घाव घालतात. म्हणजे एका पदार्थानं घट्ट केलेल्या, रक्तपुरवठा तुटलेल्या, पातळ पडलेल्या अस्तरावर दुसरा पदार्थ कर्करोगाचं बी पेरत असतो. तंबाखू नसलेली सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या खंडात नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं. "मी तंबाखू टाकून दिली, आता फक्त सुपारी खातो" असं समाधानानं सांगणारे लोक मला फार भेटतात, आणि दर वेळी मन खट्टू होतं.

हे ज्ञान सरळ वाटेनं आलं नाही. त्या वाटेवर मिरचीच उभी होती, म्हणून केशोरीच्या वाचकाला ती गोष्ट सांगायलाच हवी.

१९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातल्या अशा बदलांचं वर्णन केलं. त्यांना कारण सापडलं नव्हतं. १९५३ मध्ये डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातल्या रुग्णांवरून टाळू आणि घशाच्या कमानींतला हा तंतुमयपणा नोंदवला. मुंबईत तेव्हा डॉ. वसंत रामजी खानोलकर काम करत होते. खानोलकर (१८९५ ते १९७८) हे भारतातल्या आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक मानले जातात. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या आणि पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना त्यांच्याच पुढाकारानं झाली. वेगवेगळ्या समाजांच्या सवयी आणि त्यांना होणारे कर्करोग यांचा संबंध ते स्लाइडवर शोधत. भारतातल्या तोंडाच्या कर्करोगाकडे जगाचं लक्ष वेधण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या केंद्रातल्या डॉ. सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर ऊतींचा अभ्यास रुजवला. साध्या सूक्ष्मदर्शकात कोलॅजेनचा गुलाबी पट्टा दिसतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात त्यातला एकेक तंतू.

या दोघांनी १९६० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आहारात आधी फेरफार केलेल्या विस्टार जातीच्या पांढऱ्या उंदरांच्या टाळूला त्यांनी कॅप्सायसिन लावलं. कॅप्सायसिन म्हणजे मिरचीचा तिखटपणा ज्यात असतो तो पदार्थ. उंदरांच्या टाळूत माणसाच्या आजाराशी साम्य असलेले बदल त्यांना दिसले. संशय स्वाभाविक होता. हा आजार भारतीयांत दिसत होता, भारतीय मिरची खातात, आणि प्रत्येक रुग्ण पहिली तक्रार मिरचीचीच करतो. त्यानंतर बराच काळ पाठ्यपुस्तकांतल्या कारणांच्या यादीत मिरची राहिली.

१९६६ मध्ये सिरसाट यांनी कोपनहेगनचे मुखविकृतिशास्त्रज्ञ येन्स पिंडबोर्ग यांच्यासोबत या आजाराच्या स्लाइडवरच्या चार अवस्था मांडल्या. मी वर जो क्रम सांगितला, पाणी धरलेल्या ऊतीपासून बुजलेल्या रक्तवाहिन्यांपर्यंत, तो मूळ त्यांचा. आजही ओएसएमएफचा अहवाल लिहिताना ही मांडणी समोर असते. मला या कामाबद्दल फार आदर आहे, कारण पाहिलेलं नेमकं नोंदवणं आणि कारणाचा अंदाज करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं काम इतकं चोख झालं होतं की दुसऱ्यातला अंदाज पुढे बदलला तरी पहिल्याला धक्का लागला नाही.

अंदाज बदलला तो गावागावांत फिरलेल्या लोकांमुळे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळातल्या एर्नाकुलमपासून गुजरातेतल्या भावनगरपर्यंत हजारो लोकांची तोंडं त्यांच्या दारात जाऊन तपासली, आणि वर्षानुवर्षं तीच माणसं पुन्हा तपासली. काय खाता, किती खाता, कधीपासून, गालात कुठे धरता. या प्रश्नांच्या उत्तरांतून सुपारी वर येत गेली. मिरची सगळेच खात होते; आजार सुपारी खाणाऱ्यांना होत होता. शिवाय मेक्सिकोत आणि दक्षिण अमेरिकेत मिरची पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते आणि तिथे हा आजार दिसत नाही. १९८० च्या दशकात प्रयोगशाळेत वाढवलेल्या फायब्रोब्लास्टवर अरेकोलिनचा परिणाम दाखवला गेला आणि चित्र स्पष्ट झालं. ज्या तक्रारीवरून मिरचीला कारण मानलं गेलं होतं, ती तक्रार आजाराचा परिणाम होती.

या गोष्टीतून या शास्त्राची मर्यादा कळते, आणि ती मला वाचकापासून लपवायची नाही. स्लाइड काय झालं ते सांगते. कशामुळे झालं ते ती क्वचितच एकटी सांगू शकते. इजा हजार प्रकारांनी होते, पण ऊतीची उत्तरं मोजकी असतात. पेशी आक्रसते किंवा वाढते, संख्येनं वाढते, जात बदलते, मरते. मेलेल्या जागी कोलॅजेन भरतं. मोहाच्या दारूनं खराब झालेल्या यकृतात तेच कोलॅजेन, जुनाट कावीळ झालेल्या यकृतातही तेच. बिडी ओढणाऱ्याच्या श्वासनलिकेतल्या केसाळ पेशी जाऊन त्या जागी चपट्या, सोसणाऱ्या पेशी येतात. दुसऱ्या प्रकारच्या चिवट दाहातही हेच होऊ शकतं. तेंदूपत्ता आणि बिडी या जिल्ह्याचा जुना धंदा असल्यामुळे फुप्फुसांच्या प्रकरणात यावर सविस्तर लिहिलं आहे.

कधी ऊती कारणाचा स्पष्ट ठसा ठेवते. प्लीहा पाहा. हिवतापानं वाढलेल्या प्लीहेत भक्षक पेशींच्या पोटात काळपट-तपकिरी कण साठलेले असतात; परजीवीनं लाल पेशीतलं हिमोग्लोबिन पचवल्यावर उरलेला तो भाग असतो. सिकलसेलच्या रुग्णात कोयत्याच्या आकाराच्या लाल पेशी प्लीहेच्या अरुंद वाटांत अडकतात, रक्तपुरवठा तुटून तिचे तुकडे-तुकडे मरत जातात, आणि त्या जागी लोह आणि कॅल्शियम साठलेल्या तंतुमय गाठी राहतात. आफ्रिकेतल्या रुग्णांत प्लीहा बालपणातच आक्रसून जवळजवळ नाहीशी होते. आपल्याकडच्या अनेक रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, आणि प्लीहा मोठेपणीही वाढलेली सापडू शकते. गोंदियात हिवताप आणि सिकलसेल दोन्ही आहेत, त्यामुळे पोटात हाताला लागलेली वाढलेली प्लीहा इथल्या डॉक्टरला दोन्ही प्रश्न विचारायला लावते.

आणि कधी ऊती जवळजवळ गप्प असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतात. मज्जातंतूंचा संदेश थांबायच्या वेळी थांबत नाही, लाळ आणि कफ वाहत राहतो, श्वासाचे स्नायू थकून निकामी होतात. माणूस काही तासांत जाऊ शकतो, आणि त्याच्या फुप्फुसाच्या स्लाइडवर पाणी साठलेलं आणि रक्तवाहिन्या तुडुंब भरलेल्या, इतकंच दिसतं. तसं ते इतर अनेक मृत्यूंतही दिसतं. तिथे उत्तर रक्ताच्या आणि जठरातल्या द्रवाच्या रासायनिक तपासणीतून येतं. मिरचीवरही फवारणी होते, म्हणून हा भाग केशोरीतल्या वाचकानं वगळू नये. नाक-तोंड झाकायला बांधलेला साधा रुमाल ओला झाला की विष त्वचेला धरून ठेवतो, आणि या विषाची मोठी वाट त्वचेतूनच आहे.

परत गालाकडे येतो. ओएसएमएफची भीती तोंड बंद होण्यापुरती नाही. एर्नाकुलममध्ये या आजाराच्या ६६ रुग्णांचा सतरा वर्षांच्या काळात पाठपुरावा केला गेला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाला. कर्करोगाच्या आधी बरेचदा एक टप्पा येतो, त्याला डिस्प्लेशिया म्हणतात. खालच्या ओळीतल्या पेशी वर सरकताना ज्या शिस्तीनं चपट्या व्हायच्या, ती शिस्त मोडते. केंद्रकं मोठी, गडद आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या आकारांची होतात. विभाजन फक्त तळाशी व्हायला हवं. ते मधल्या आणि वरच्या थरांत दिसू लागतं. तळाच्या एक तृतीयांश जाडीपर्यंत हे असेल तर सौम्य, दोन तृतीयांशांपर्यंत मध्यम, त्याहून वर तीव्र. या पायऱ्या वाचायला सोप्या आहेत, पण पाहणाऱ्या दोघांचं सौम्य की मध्यम यावर एकमत होतंच असं नाही. म्हणून अहवालावर शंका वाटली तर स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवून घ्यायचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. त्यात कुणाचा अपमान नाही.

तीव्र डिस्प्लेशियापर्यंत सगळं तळपटलाच्या वर असतं. त्या वेळी तेवढा भाग काढून टाकला तर गोष्ट बहुधा तिथेच थांबवता येते. पेशींनी तळपटल फोडून खाली पाऊल टाकलं की त्या क्षणी अहवालातलं नाव बदलतं: स्क्वेमस सेल कार्सिनोमा. खालच्या ऊतीत पेशींची बेटं दिसतात, त्यांच्या मध्यभागी केराटिनचे गोल थर साठलेले असतात. त्या पेशींना आता रक्तवाहिन्या आणि लसवाहिन्या मोकळ्या असतात. मानेत गाठ येते ती त्यांच्याच वाटेनं. केशोरीसारख्या गावातून गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत किंवा नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयापर्यंत जाणं म्हणजे धानाच्या हंगामात मजुरी बुडवून, कुणाला तरी सोबत घेऊन जाणं. गोंदियाचं महाविद्यालय सुरू झालं २०१६ मध्ये. त्याआधी वाट आणखी लांबची होती. तळपटलाच्या वर असताना आलेला रुग्ण आणि खाली गेल्यावर आलेला रुग्ण यांच्यातला फरक स्लाइडवर केसाइतकासुद्धा नसतो. आयुष्याच्या हिशोबात तो कित्येक वर्षांचा असतो. हे लिहिताना माझा स्वर चढत असेल तर चढू द्यावा, असं मला वाटतं.

महाराष्ट्रात २०१२ च्या जुलैत गुटख्यावर बंदी आली. खर्रा पानठेल्यावर हातानं घोटला जातो, त्यामुळे पुडीवरचा छापील इशाराही त्याच्या वाट्याला येत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले. शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ अभियान दारूसोबत खर्र्याविरुद्धही गावोगाव काम करतं आहे.

सोडल्यानं काय होतं, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. उत्तर दोन भागांत आहे. खर्रा सोडल्यावरही घट्ट झालेलं कोलॅजेन फारसं मागे जात नाही. तोंडाचे व्यायाम, औषधं, इंजेक्शनं, कधी शस्त्रक्रिया यांनी ते थोडं मोकळं करता येतं, पूर्ववत होत नाही. दुसरा भाग आशेचा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या त्याच गटानं भारतातल्या ग्रामीण भागातल्या ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांना दारोदार जाऊन सवय सोडण्यासाठी समजावलं आणि वर्षानुवर्षं त्यांची तोंडं तपासली. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, समजावलेल्या लोकांत सवय सोडणारे वाढले आणि तोंडातले ल्युकोप्लाकियाचे पांढरे चट्टे नव्यानं येण्याचं प्रमाण घटलं. हे चट्टेही कर्करोगाच्या आधीचा टप्पा असतात. अभिस्तराच्या तळाची ओळ जिवंत असेपर्यंत नव्या पेशी बनवत राहते. विषाचा रोजचा घाव थांबला की तिला तिचं काम करता येतं.

हे पुस्तक वैद्यकीय विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल, पण ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर दुसरेही वाचक होते: प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि परिचारिका, आशाताई, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, शाळेत विज्ञान शिकवणारे शिक्षक. म्हणून शेवटचं प्रकरण नमुना पाठवण्यावर आहे. तुकडा सलाइनमध्ये किंवा कोरड्या कापसात पाठवू नये. तो वाटेतच खराब होतो आणि रुग्णाला पुन्हा कापून घ्यावं लागतं. तुकड्याच्या दहापट तरी फॉर्मॅलिन हवं. नाव बरणीच्या झाकणावर नाही, बरणीवर लिहावं, कारण झाकणं बदलली जातात. आणि अर्जावर 'पूर्वेतिहास' असा एक रकाना असतो, तो बहुतेक वेळा रिकामा येतो. त्यात रुग्ण दिवसाला किती खर्रे खातो, कोणत्या वयापासून खातो, गालात कोणत्या बाजूला धरतो, तिखट कधीपासून झोंबतं, शेतात कोणती फवारणी करतो, हे सगळं लिहावं. हे त्याला विचारणाऱ्यालाच कळू शकतं. प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला स्लाइडवरून यातलं काहीच कळत नाही.